सोमवारचा पिझ्झा

गुढियारी, रायपूर
सोमवार, १३ जानेवारी

यशदीप,
जयभीम.

काल तुहा पिझ्झा पोचला. पोचल्याचं तुह्या फोनवर आलंच असंन, म्हणून ते सांगाले मी पत्र लिहून नाही राहिली. आणणाऱ्या पोट्ट्यानं दारात उभं राहून फोटो काढला, डब्याचा अन् माह्या हाताचा. तोंड फोटोत आलं नाही. तुले हातच पाहाचा असंन तं पाहून घे. बोटं सकाळी आखडतात, चहा झाला का सुटतात.

तुहे बाबा गेल्यावर दोन-चार रविवार तू आला. मग पाऊस लागला अन् तुह्या जागी डबा येऊ लागला. पाऊस सरला, डबा सुरूच आहे. आता पाऱ्यात, साऱ्या मोहल्ल्यात, सगळ्यायले पाठ झालं आहे. रविवारी दुपारी लाल थैलीवाली गाडी आपल्या गल्लीत वळली का शेजारची मंदाकिनीवहिनी म्हणते, मीराबाई, तुमचा यशदीप आला. मी हासते. न हासून काय करू?

दिवाळीले तू मायक्रोवेव्ह धाडला, त्यात एकदा हा पिझ्झा गरम करून पाहिला. बाहेर काढला तेव्हा लुसलुशीत होता, अन् तोंडात घालेपर्यंत चपलेचा तळवा झाला. आता त्या मायक्रोवेव्हवर रुमाल टाकून बाबाचा फोटो ठेवला आहे. उंची बरोबर आहे, हार नीट लोंबते.

खरी रीत मले मंदाकिनीवहिनीच्या पिंकीनं शिकवली. लोखंडी तवा घ्याचा, गॅस अगदी बारीक. तेल नाही, तूप नाही, नुस्ता तुकडा ठेवाचा. खालून कडक होऊ लागला का तव्याच्या काठाले पाण्याचे शिंतोडे माराचे, तुकड्यावर नाही, अन् लगेच झाकण घालाचं. वाफेनं वरचं चीज वितळते अन् बुड कुरकुरीत राहते. घाई केली का बुड जळते अन् वरून थंडगारच. तुले सांगून ठेवते, तुह्या घरी बी उरत असंनच. माह्याकडं उरतेच, एकट्या बाईले तो मोठा होते. खरं सांगू? रविवारच्यापेक्षा सोमवारचा मले जास्त गोड लागते.

तुह्या आजीनं पाहिलं असतं तं काय म्हटलं असतं म्हणून मी कधी कधी विचार करते. शिळं म्हणून ती बोलली नसती. आपल्या घरचं शिळं ती बी खाय, रातच्या पोळ्या कुस्करून सकाळी फोडणी घाले. तिचं भांडण दुसऱ्याच्या शिळ्याशी होतं. तुले माहीत आहे, तरी लिहिते, काहून का तुह्या लेकराले, वरदले, हे कोण सांगीन? आजी ल्हान होती तेव्हा तिची माय टोपलं घेऊन गावात घरोघर जाय. कोणाकडं लग्न झालं, तेरवी झाली, का पंगतीतलं उरलंसुरलं वरून त्या टोपल्यात पडे. मग बाबासाहेबायनं सांगितलं, हे बंद करा. तिच्या मायनं ते टोपलं मोडून चुलीत घातलं अन् त्या जाळावर पाणी तापवून पोरीयले आंघोळी घातल्या. तेव्हापासून आपल्या घरचा हा एकच नेम. आपलं शिळं आपण खाऊ, पण दुसऱ्याच्या पंगतीचं उरलेलं उंबऱ्याच्या आत येणार नाही.

तुह्या बाबानं तो नेम पाळला. रेल्वेच्या साहेबाच्या पोरीचं लग्न झालं, गँगमन लोकायले दुसऱ्या दिवशी बोलावून गुलाबजाम बांधून दिले. बाबानं हात जोडले अन् रिकाम्या हातानं घरी आले. तू पायरीवर बसून रडला होता. त्यायनं तुले सायकलवर बसवून बाजारात नेलं अन् ताजे गुलाबजाम चारले.

आता कामाचं. २ मार्चले बाबाचं वर्ष आहे. रविवारच येते. विहारातल्या भंतेजीले मी सांगून ठेवलं. भोजनदान पोरानंच वाढलं पायजे असं कुठं लिहिलेलं नाही, पण माही इच्छा आहे का तू वाढावं. तू ये, सूनबाई ऋता येऊ दे, अन् वरदले आण. त्याले मी दवाखान्यात पाहिलं, तेव्हा तो मुठीएवढा होता. त्याच्यानंतर फोनच्या काचेवरच पाहून राहिली.

बाकी मी मजेत आहे.

तुही आई

गुढियारी
सोमवार, २७ जानेवारी

यशदीप,
जयभीम.

पत्र पोचल्यावर तू फोन केला. बरं वाटलं. मम्मी, चिठ्ठी काहून लिहिते, वॉट्सअप कर ना, म्हटलं तू. वॉट्सअप मी करत होती. तिथं दोन निळ्या रेघा उमटतात अन् खाली काहीच येत नाही. दिवसभर मी त्या रेघा पाहात बसे. पाकीट तरी हातानं फोडा लागते.

अन् एक गोष्ट. फोनवर कोणी जवळ आलं का तू आवाज बारीक करते, हे मले समजते. अंगणवाडीत जलम गेला माहा, पोट्टे काय लपवतात ते मी आवाजावरून सांगते. तू माह्याशी हिंदीत बोलते. पुरानी बस्तीतल्या सासऱ्याशी बोलाचं झालं का 'मला' अन् 'तुला' करते, ते बी ऐकलं आहे मी, दवाखान्यात. इतकी चांगली मराठी येते तुले! माह्यासाठी ती शिल्लक राहात नाही. मले तिचं काही वाटत नाही, तू हिंदीत बोल का इंग्लिशमध्ये बोल. पण माहं 'मले-तुले' ऐकलं का तुह्या कपाळाले आठी पडते, ते झोंबते.

तू म्हणते, मैं आ नहीं पाता तो तुम आ जाओ, गाडी भेजता हूँ. गाडी येऊ शकते. मी येऊ शकत नाही. काहून ते तू विचारलं नाही, तरी आज सांगून टाकते.

मागच्या उन्हाळ्यात मी आली होती. ऋता बाळाले घेऊन तिच्या मायच्या घरी होती, तू एकटाच होता. मी न सांगता आली, ही माही चूक समज. बाबाचं जुनं धोतर धुऊन धुऊन मऊ झालं होतं, त्याचं वरदसाठी दुपटं शिवलं होतं, ते कापडी थैलीत होतं. नवा रायपूरची बस गेटापासून लांब सोडते. ऊन असं का डांबर चपलेले चिकटून राहिलं होतं. गेटवाल्यानं मले वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् विचारलं, किस फ्लैट में काम करती हो? मी तुहा नंबर सांगितला. त्यानं तुले फोन लावला, आवाज बाहेर ऐकू येत होता. तो म्हणे, साहब, आपकी कामवाली आई है.

अन् तू म्हटलं, हाँ, भेज दो.

मी वर आली. दारावरच्या पाटीवर पाहिलं तं नुस्ती दोन नावं, ऋता अन् यशदीप. तुहं आडनाव मी तिथं शोधत राहिली, जसं खाली पडलं असंन. तू दार उघडलं, पाणी दिलं, एसी लावला. तू समजला असशीन मले ऐकू आलं नाही. दुपटं तुह्या हातात दिलं, तुहा चहा प्याली अन् आली.

तू चुकून बोलला असशीन, असं मी स्वतःले समजावते. झोपेत होता, घाईत होता. बाबाले मी हे सांगितलं असतं तं ते म्हणाले असते, पोट्टा आहे, सोड. ते नाहीत म्हणून सोडाले कोणी सांगून नाही राहिलं.

ते जाऊ दे. माहं मागणं तेच आहे. २ मार्च. भंतेजी बाराच्या आत जेवतात, म्हणून अकराले तरी ये. फोनवर तू 'पक्का' म्हटलं आहे. मी मंदाकिनीवहिनीले सांगून बी टाकलं.

तुही आई

गुढियारी
मंगळवार, ११ फेब्रुवारी

यशदीप,

परवा वरदचा पहिला वाढदिवस झाला. सकाळीच मी फोन केला. तू म्हटलं, कुछ नहीं कर रहे मम्मी, छोटा है अभी, घर में ही हैं. मी म्हटलं, बरं आहे, लेकरू दमत नाही.

दुपारी लाल थैलीवाला आला नाही. चार वाजले तरी नाही. आता हासशीन तू, पण मले वाटलं, वाढदिवस आहे, डबा नाही, म्हणजे पोरं स्वतःच येऊन राहिले. मी बेसनाचे गोळे करून गोळाभात टाकला. तुले आवडते तसा, वरून हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. साडी बदलली. रातच्याले तो भात मीच खाल्ला.

काल दुपारी तुहा ड्रायव्हर आला, हिरालाल. हातात मोठा डबा. साहब के यहाँ से आया है अम्मा, म्हणे, अन् पाणी बी न पिता पळाला. मले किती आनंद झाला म्हणून सांगू! डबा उघडला तं चार तऱ्हेचे तुकडे. एक मक्याचा, एक पनीरचा, एक कोणता तं हिरवा. म्हटलं, एक दिवस उशीर झाला तं पोरानं भरपाई केली, चार चवी धाडल्या. थंड झाला होता, चीज मेणासारखं बसलं होतं. त्यात काय? नवा रायपूरहून येतायेता थंड होणारच. मी तवा चढवला, मंदाकिनीवहिनीले अन् पिंकीले हाक मारली. नातवाच्या वाढदिवसाचा आहे, या, असं जोरानं म्हटलं. पाऱ्यानं ऐकावं म्हणूनच जोरानं म्हटलं.

पहिले दोन तुकडे तव्यावर होते. पिंकी डब्यात पाहून राहिली होती. तुकडे एकमेकायले जुळत नव्हते, एक ल्हान, एक मोठा, एकाले केकचं गुलाबी क्रीम लागलेलं, अन् एका कोपऱ्यात वाढदिवसाची अर्धी जळलेली मेणबत्ती. पोरगी सरळ आहे, तिच्या तोंडून निघून गेलं.

"काकी, ये तो बचा हुआ है. किसी पार्टी का."

तिच्या मायनं तिले चिमटा काढला. तो चिमटा मले दिसला, अन् त्याचंच जास्त वाईट वाटलं. मंदाकिनीवहिनी म्हणे, नाही हो, आजकाल असेच मिळतात, मिसळीचे. बिचारी! त्या दोघी एक घास न खाता, गॅसवर दूध आहे म्हणून उठून गेल्या.

मी गॅस बंद केला. तुह्या आजीच्या मायनं टोपलं जाळलं, बाबानं गुलाबजाम परत केले, अन् मी त्याच घरात, त्यायच्याच फोटोसमोर, पंगतीचं उरलेलं तव्यावर गरम करून शेजाऱ्यायले बोलावलं. ती पंगत बी कोणाची? माह्या नातवाची. मले त्या पंगतीत जागा नव्हती. माह्यासाठी टोपलं होतं, यशदीप. तू त्याले डबा म्हणते.

फेकाले म्हणून डबा उचलला तं खाली चांदीच्या कागदात गुंडाळलेला एक तुकडा निघाला. एकच. उघडून पाहिला. टोकाले ल्हानसा चावा होता. वर दोन दात, खाली दोन, चीजवर साफ उमटलेले. वरदले चार दात आले, हे मले तू सांगितलं नव्हतं.

बाकीचे तुकडे घंटागाडीत गेले. उरलेलं आपण घेत नाही अन् कोणाले देत बी नाही. पण तो तुकडा मी खाल्ला. माह्या नातवाचं उष्टं दुसऱ्याचं होत नाही. फक्त तव्यावर ठेवला नाही. गरम केला असता तं चीज वितळून दात पुसले गेले असते. थंडच खाल्ला, चाव्याची बाजू सगळ्यात शेवटी.

तो तुकडा डब्यात कसा आला, कोणी ठेवला, मले माहीत नाही. चुकून आला असंन.

२ मार्चचं आता मी काही म्हणत नाही. तुह्या बाबाचं वर्ष आहे, तुहं तू पाहा.

आई

गुढियारी
सोमवार, ३ मार्च

यशदीप,

काल काय झालं ते सांगते, काहून का तुह्या फोनवर फक्त 'डिलिव्हर्ड' असंच आलं असंन.

अकरापासून मी दारात होती. भंतेजी वेळेवर आले. त्रिशरण झालं, पंचशील झालं, बाबाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. भंतेजीनं एकदा विचारलं, मुलगा? मी म्हटलं, येऊन राहिला, रस्त्यात आहे. वर्षभरात तुह्यासाठी मी लय खोटं बोलली, पण भंतेजीशी पहिल्यांदा. पावणेबारा झाले. आणखी थांबली असती तं ते उपाशी राहिले असते, म्हणून मी उठली अन् मीच वाढलं. वरण, भात, वांग्याची भाजी, पुरी, खीर. खीर वाढता वाढता थोडी सांडली.

साडेबाराले दोन गाड्या आल्या. दहा डबे. सोबत तुहा मेसेज, सॉरी मम्मी, अर्जंट काम आ गया, सबके लिए भेजा है, भंतेजी को भी देना.

भंतेजी को भी देना! बाराच्यानंतर भंते अन्नाले हात लावत नाहीत, हे आपल्या घरात दुधाचे दात पडाच्या आधी पोट्ट्यायले माहीत असते. तू स्वतः ल्हानपणी विहारात घड्याळ पाहात बसे, बारा वाजले का ओरडे, ताट उचला. तुले आठवलं नाही. न येणं मी समजू शकते. विसरणं नाही समजत मले. भंतेजीनं ते डबे पाहिले अन् नजर खाली घातली. त्यायले माही कीव आली, ते मले दिसलं.

पिझ्झे गरम होते, ताजे होते, म्हणून मी पाऱ्यात वाटले. सगळ्यायनं तुह्यावाली तारीफ केली. काही उरलं नाही.

तुह्या जागी एक माणूस आला होता. हिरालाल. त्याची सुट्टी होती, तरी सायकलनं आला. बाबाच्या फोटोले फूल वाहिलं, पंगतीत बसून जेवला. मग भांडे घासाच्या मोरीजवळ उभा राहून त्यानं मले जे सांगितलं, त्यासाठी त्याले तू नोकरीवरून काढशीन तं मी समजीन माहा पोरगा खरंच मेला. वाढदिवसाले साठ माणसं होती. ऋतानं दोनदा विचारलं, आईंना आणायला गाडी गेली का? तू तिले सांगितलं, आईची तब्येत बरी नाही. त्याच्या आधी वर्षभर, गाडीत त्याच्यासमोरच, तिले सांगून ठेवलं होतं का आई या लग्नावर नाराज आहे, फोनवर बोलत नाही, तू तिले फोन करू नको. दुसऱ्या दिवशी बिमार सासूसाठी म्हणून तिनं स्वतः डबा भरला. आपल्या घरचा नेम तिले कोणी सांगितला होता? अन् तो कागदातला तुकडा चुकून आला नव्हता. ती हिरालालले म्हणाली होती, "अम्मा से कहना, बाबू के दाँत आ गए." तो इथं येऊन निरोप विसरला. माह्या तोंडाकडं पाहून घाबरला म्हणे.

अन् माही पत्रं. तू ती गाडीत वाचते. खाली, पार्किंगमध्ये, काच वर करून. मग डिक्कीत टाकते अन् लिफ्टनं वर जाते. बाबाच्या धोतराचं दुपटं बी अजून तिथंच आहे, त्याच थैलीत. वर्ष होत आलं.

म्हणजे मी ज्या घरात पत्रं लिहून राहिली होती, त्या घरात ती कधी गेलीच नाहीत.

मी तुले एक खोटं लिहिलं होतं, तेही आज निस्तरते. एकट्या बाईले मोठा होते म्हणून पिझ्झा उरत नव्हता. डबा आला का मी अर्धा ताटात काढून झाकून ठेवे, तू आला तं म्हणून. दिवे लागले का समजे, आता नाही येत. मग तो सोमवारचा होय. सोमवारचा गोड लागते असं लिहिलं होतं. गोड कशाचा? घशाखाली उतरत नव्हता. फेकवत नव्हता म्हणून गरम करे.

आज सोमवार आहे. तवा घासून भिंतीले उभा केला आहे.

या रविवारपासून डबा धाडू नको. पोट्टा दारात आला तं मी परत धाडीन. हे पत्र बी पार्किंगमध्येच वाच, मले काही म्हणायचं नाही. यापुढचं पत्र तुह्या नावानं नाही.

मीराबाई हरिदास गजभिये

गुढियारी
सोमवार, ३ मार्च, संध्याकाळ

ऋता,
जयभीम. तुह्याकडं नमस्कार म्हणतात, तं नमस्कार.

हे पत्र स्पीड पोस्टानं तुह्या नावावर धाडून राहिली. पोस्टमन तुहीच सही घेईन. शुद्ध लिहावं म्हणून दोन कागद फाडले, पण ते वाचून मलेच कोणी परकी बाई बोलून राहिली असं वाटलं. म्हणून जसं बोलते तसंच लिहिते. समजलं नाही तं विचारजो, रागावणार नाही.

मी तुह्यावर नाराज नाही. कधीच नव्हती. लग्नात तुहा हात हातात घेऊन मी म्हटलं होतं का माही पोरगी नव्हती, आता झाली. तेव्हा बँड वाजत होता, तुले ऐकू आलं नसंन. बाबा गेले तेव्हा तू बाळंतीण होती, आली नाही त्याचा राग कशाचा? मी बिमार बी नाही. बोटं आखडतात तेवढंच. तुले कोणी काय सांगितलं अन् काहून सांगितलं, ते मी लिहिणार नाही. तो तुहा नवरा आहे, तुम्ही दोघं बसून पाहा. माहा पोरगा आहे म्हणून मी त्याले झाकून घेत राहिली, अन् झाकता झाकता मीच दिसेनाशी झाली.

तू धाडलेले दात पोचले. लय सुंदर आहेत. वरचे दोन थोडे लांबलांब आहेत, ते त्याच्या आजोबावर गेले.

डबा तू मनानं भरला होता, हे मले उशिरा समजलं. पण पोरी, आमच्या घरात पंगतीचं उरलेलं येत नाही. याच्यामागं मोठी गोष्ट आहे, ती वरदले अन् तुले मी समोर बसून सांगीन, कागदावर नाही. तू ती ऐकशीन तं तुले वाईट वाटीन, पण माह्या दारात डबा कधी धाडणार नाहीस.

तुमच्या गाडीच्या डिक्कीत एक कापडी थैली आहे. त्यात दुपटं आहे, वरदच्या आजोबाच्या धोतराचं. ते वर आणून धुऊन टाक. वर्षभर पेट्रोलच्या वासात राहिलं आहे. आता तो मोठा झाला, अंगावर पुरणार नाही, पण पायावर टाकता येईन. तिथंच डिक्कीत माह्या हातचे काही कागद आहेत. ते वाचाचे का नाही, तुही मर्जी.

या रविवारी मी येऊन राहिली. गाडी धाडू नको, हिरालालले बी नाही, मी बसनं येते. स्वयंपाक करू नको अन् काही मागवू बी नको. तांदूळ, बेसन अन् माहा तवा सोबत आणते. वरदले मऊ गोळाभात करीन, तुले भाकर.

गेटवर मले विचारतीन, कोणत्या फ्लॅटमध्ये काम करते. मी नंबर सांगीन. मग तो शिपाई वर फोन लावीन अन् सांगीन, कामवाली आली आहे. आवाज बाहेर ऐकू येते तिथं, मी शेजारीच उभी असते.

तो फोन तू उचलजो.

मीराबाई हरिदास गजभिये
वरदची आजी